कपकेक, किलोच्या भावाने

कपकेकचा भाव सांगताना माणसाने आधी बसून घ्यावं, घोटभर पाणी प्यावं आणि मगच तोंड उघडावं. मी उभ्या उभ्या बोललो, तेही दुसऱ्याच्या अंगणात, आणि पुढचे पाच-सहा आठवडे त्या एका वाक्याची शिक्षा आमचं अख्खं घर भोगत होतं.

आम्ही आष्ट्याचे. माझी बायको संयोगिता घरी केक करते. सांगलीला जाऊन तिने आठ दिवसांचा क्लास केला, एक ओव्हन घेतला, आणि गेली चार वर्षं गल्लीतल्या वाढदिवसांना तिचे कपकेक जातात. मुठीत मावेल एवढा केक, खाली कागदाची वाटी, वर क्रीमचा तुरा. तिच्या हाताला चव आहे याबद्दल गावात दुमत नाही. भाव मात्र तिला सांगता येत नाही, असं माझं मत होतं. गिऱ्हाइकाने विचारलं की ती भिंतीकडे बघायची आणि म्हणायची, "वीस द्या." समोरचा क्षणभर गप्प राहिला की स्वतःच म्हणायची, "बरं, अठरा द्या." समोरचा बिचारा नुसता खिशात पाकीट शोधत असायचा.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकोणतीस वर्षं काढली. उसाने भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, रिकामी झाली की पुन्हा घ्यायची, वजाबाकी करून पावती फाडायची. ज्याने उभ्या तालुक्याच्या उसाचं वजन केलं, त्याला एका कपकेकचा भाव ठरवता येऊ नये हे मला पटेना. निवृत्तीनंतर तिसऱ्याच महिन्यात मी जाहीर केलं, की आजपासून भाव मी सांगणार. संयोगिता "बरं" म्हणाली. तिचं "बरं" कसं ऐकायचं असतं, हे बत्तीस वर्षांच्या संसारात मला कळायला हवं होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला कुंडलहून फोन आला. सुभेदार आकाराम, फौजेतून निवृत्त, घरचा वीस एकर ऊस. त्यांची नात शिवांजली पुण्यात नोकरीला होती, मेमध्ये तिचं लग्न होतं, आणि वऱ्हाडी मंडळींना लाडूऐवजी कपकेक द्यायचे असं तिच्या मनात होतं. साडेपाचशे तरी लागणार होते. "येऊन भाव सांगून जावा," एवढं बोलून सुभेदारांनी फोन ठेवला.

मी वही काढली. मैदा, साखर, लोणी, दही, दूध, कागदाच्या वाट्या, वीज. क्रीम धरून एका नगाला सोळा रुपये पडत होते. आता वर किती लावायचे एवढाच प्रश्न उरला, आणि तो मी गल्लीला विचारला. गल्लीला प्रश्न विचारायला काही लागत नाही. उत्तरं थांबवायला मात्र घराचं दार लावावं लागतं.

शेजारच्या राणीवहिनी म्हणाल्या, "वीसच्या वर जाऊ नका भावजी. घरातच तर करती ती. दुकानाचं भाडं न्हाई, नोकर न्हाई. मजुरी कसली लावताय?"

पतसंस्थेतून निवृत्त झालेले माझे मित्र लालासाहेब म्हणाले, "साठ. माझी भाची पुण्यात आहे. तिकडं साठच्या खाली कपकेकला हात लावू देत नाहीत."

"लालासाहेब, हे आष्टा आहे."

"मग कुंडलला जाऊन सांगायचं, की केक पुण्याच्या पद्धतीचा आहे."

आमच्या कोपऱ्यावरचे आप्पासो स्वतःचा टेंपो चालवतात. त्यांनी आकडा दिला नाही, तत्त्व दिलं. "आदी दुप्पट सांगायचं, मग निम्म्यावर यायचं. गिऱ्हाइकाला बरं वाटतं आन् आपलं काय जात न्हाई."

राणीवहिनींचे वीस, लालासाहेबांचे साठ आणि माझ्या मनातले पंचवीस, अशी मी बेरीज केली आणि तीनाने भागलं. बरोबर पस्तीस आले. बाकी शून्य. बाकी शून्य आली की हिशेब खरा वाटतो, ही काट्यावरच्या माणसाची जुनी सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा कपकेक डब्यात घालून मी एकटाच कुंडलला गेलो. संयोगिताला एक वाढदिवसाचा केक द्यायचा होता, आणि भाव सांगायला तिची गरज काय, असंही मला वाटत होतं. सुभेदार अंगणातच उभे होते. ऐंशीच्या घरातला माणूस, पण कणा अजून परेडवर असल्यासारखा. पाठीमागे पडवीत धान्य मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा.

"कारखान्याच्या काट्यावरचं साहेब न्हवं तुमी?" त्यांनी विचारलं.

मला आनंद झाला. निवृत्तीनंतर आपल्याला कुणी ओळखलं की आनंद होतोच. "होय आबा."

"वाटलंच. मी इसरत न्हाई."

ते वाक्य मी आदराचं समजलो. त्यांनी एक कपकेक घेतला, वाटीचा कागद नीट सोलला आणि सावकाश खाल्ला. "चांगलं हाय. किलोला काय?"

"आबा, हे नगावर असतात."

"नगावर अंडी असत्यात, नारळ असत्यात. गोड किलोवर असतं. पेढं किलोवर, जिलबी किलोवर, बुंदी किलोवर. माजा ऊस तुमी नगावर घेतला का कवा?"

त्यांनी दुसरा कपकेक उचलून काट्यावर ठेवला. सत्तर ग्रॅम. काट्यावर आकडा उजळलेला दिसला की माझ्या डोक्यात आपोआप गुणाकार सुरू होतो, त्याला मी काही करू शकत नाही. किलोत चौदा नग. पस्तीस गुणिले चौदा, चारशे नव्वद.

"पाचशे रुपये किलो," मी म्हणालो. वरचे दहा रुपये आपण फार शिताफीने मिळवले असं मला वाटलं.

"चाळीस किलो," सुभेदार म्हणाले. "पक्की पावती पायजे, परवान्याचा नंबर घालून. आन् वजन मांडवात हुईल, माज्या काट्यावर."

आम्ही हात मिळवले. परत येताना भिलवडीच्या स्टँडजवळ मी गाडी थांबवून उसाचा रस प्यालो. इतका मोठा सौदा एका वाक्यात जमवणारा माणूस म्हणून मी स्वतःकडे गाडीच्या आरशात एकदा पाहूनही घेतलं.

"किलोवर?" संयोगिताने विचारलं. तिचा पीठ घोटणारा हात थांबला होता.

"किलोवर. पाचशेने. चाळीस किलो."

"लग्न कितीला आहे?"

"अठरा मे."

"कुठं?"

"त्यांच्या दारातच. मोठा मांडव घालणार आहेत."

"मे महिन्यात कुंडलला मांडवात क्रीम टिकेल का, हे विचारायचं सुचलं का तुम्हाला? अर्ध्या तासात वरचं सगळं खाली वाहून येईल. साधेच करावे लागणार, वेलची-केशर घालून." तिने एक बिनक्रीमचा कपकेक उचलून स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवला. पंचेचाळीस ग्रॅम.

डोक्यातला गुणाकार पुन्हा सुरू झाला, पण या वेळी मला तो ऐकायचा नव्हता. किलोत बावीस नग. एका नगाचे जेमतेम तेवीस रुपये. आणि चाळीस किलो भरायचे तर साडेपाचशे नव्हे, आठशे ऐंशीच्या पुढे कपकेक.

"आणखी एक सांगू?" ती म्हणाली. "केक चांगला फुलला की हलका होतो. मी जेवढा नीट करीन, तेवढे तुमच्या किलोत जास्त बसतील."

"म्हणजे वाईट केलास तर आपला फायदा?"

"तसंच ठरवून आलायत तुम्ही."

मी अपमान गिळून सुभेदारांना फोन लावला. म्हटलं, आबा, वरची क्रीम निघाली, साडेपाचशे नगांचे आता पंचवीस किलोच भरतील, तेवढेच घ्या. सुभेदार शांतपणे म्हणाले, "चाळीस सांगितल्यात, चाळीसच पायजेत. शब्द दिलाय न्हवं?"

शब्द दिला होता.

गल्लीला ही बातमी मी सांगितली नाही, तरी ती कळली. आता सल्ल्यांचा विषय बदलला. कपकेक जड कसे करावेत, यावर आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी विचारविनिमय व्हायचा. राणीवहिनी म्हणाल्या, खजूर घाला. खजुराचा भाव बघितल्यावर मी तो विषय काढला नाही. लालासाहेब म्हणाले, लाल भोपळा किसून घाला, तो पाणी धरून ठेवतो. संयोगिता म्हणाली, भोपळ्याचे घारगे कुंडलच्या बायकांना करता येतात, त्यासाठी आष्ट्याहून माणूस नको. आप्पासो म्हणाले, "पाकात बुडवा की. गुलाबजाम बगा, केवढा जड असतोय." यावर संयोगिताने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. मी मात्र ते वहीत लिहून ठेवलं.

मधल्या काळात परवान्याचं काम मी हाती घेतलं. घरगुती खाद्यपदार्थांची नोंदणी घरबसल्या होते असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि ते खरंही आहे, फक्त किती दिवस घरी बसायचं ते लिहिलेलं नसतं. पहिली अडचण विजेच्या बिलाची आली. आमचं बिल अजून माझ्या वडिलांच्या नावाने येतं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्यांचं एकही बिल थकलेलं नाही. ते निस्तरलं, तर पुढच्या पानावर कळलं की संयोगिताच्या नावाचं खातं आधीच आहे. तीन वर्षांपूर्वी तिने सुरुवात करून सोडून दिलं होतं. आता ओटीपी त्या वेळच्या मोबाइल नंबरवर जात होता, आणि तो नंबर आम्ही कधीच बंद केला होता.

मी त्या नंबरला फोन लावला. आटपाडीकडच्या कुणा नानासोंनी तो उचलला. मागे मेंढरांचा आवाज होता.

"नमस्कार. आष्ट्याहून बोलतोय. तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील, तेवढे सांगता का?"

पलीकडे थोडा वेळ फक्त मेंढरं बोलली. मग नानासो म्हणाले, "आकडं कुणाला सांगायचं नसत्यात. फोन लावला की पयल्यांदा ती बाईच सांगती."

"बरोबर सांगते. पण मी तसला माणूस नाही."

"तसला माणूस असंच म्हणतोय."

चार दिवस मी त्यांना फोन करत होतो. मी कारखान्यात काय होतो ते सांगितलं, गावात कुणालाही विचारा म्हणालो. जितकं जास्त सांगावं तितका मी त्यांना पक्का भामटा वाटत गेलो. पाचव्या दिवशी संयोगिताने माझ्या हातातून फोन घेतला.

"दादा, मी संयोगिता. हा नंबर आधी माझा होता. तुम्हाला अजून एका हरणाबाईचे फोन येत असतील बघा."

"येत्यात की. लय येळा. जेवलीस का म्हणून इचारत्यात."

"ती माझी मावशी. तिला नवा नंबर लागत नाही."

"व्हय व्हय. आता कळलं," नानासो म्हणाले, आणि आकडे सांगू लागले. मध्ये एक मेंढरू कुणाच्या तरी मक्यात शिरलं, ते परत आणेपर्यंत त्या ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. तो मात्र त्यांनी एका जागी उभं राहून नीट सांगितला आणि मग विचारलं, "ताई, तुमचं ते केक डझनाला काय पडत्यात?"

म्हणजे पुण्यात नगावर, कुंडलला किलोवर आणि आटपाडीला डझनावर. आठ दिवसांनी परवाना आला, पण भाव म्हणजे नक्की काय असतं याबद्दल माझी जी खात्री होती ती मात्र गेली.

सतरा मेला पहाटे पाचला काम सुरू झालं. एका ओव्हनमध्ये एका वेळी चोवीस कपकेक मावतात. आमचा एक ओव्हन. दुसरा राणीवहिनींचा, त्यांना कुणीतरी भेट दिलेला, ज्यात त्या पापड ठेवत. तिसरा लालासाहेबांचा. एकाच घरात दोन ओव्हन लावले की फ्यूज उडत होता, म्हणून ज्याचा त्याच्या घरी ठेवला आणि मिश्रणाची पातेली घेऊन मी तीन घरांत येरझाऱ्या घालत होतो. लालासाहेबांच्या ओट्याला उतार असल्याने त्यांच्याकडचे कपकेक सगळे एका बाजूला झुकून फुलत होते. ते त्यांना दिसायला बरे वाटत होते. अकरा वाजता वीज गेली, ती दीडला आली. तेवढा वेळ संयोगिता ओव्हनच्या काचेतून आत बघत उभी होती, आणि मी तिच्याकडे बघण्याचं टाळत होतो.

दुपारी चारला सातशे नग झाले. मी वजन केलं. बत्तीस किलोही पुरते भरत नव्हते. पाय सुजले होते. संयोगिता राणीवहिनींकडे गेली होती. वही उघडी होती, आणि त्या पानावर आप्पासोंचा पाकाचा सल्ला माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.

मी वाटीभर साखरेचा पाक केला. स्वयंपाकघरातला ब्रश घेतला. चोवीस कपकेकांवरून हलक्या हाताने दोन-दोनदा फिरवला. एक काट्यावर ठेवला. पन्नास ग्रॅम. नगामागे पाच ग्रॅम वाढले होते, आणि बघणाऱ्याला काहीसुद्धा दिसत नव्हतं. उलट चकाकी आली होती. मी दुसरा ट्रे पुढे ओढला.

संयोगिता आत आली. तिने पहिल्या ट्रेमधला एक उचलला. खाल्लाही नाही. हातात घेतल्या घेतल्या तिला कळलं.

"हे काय केलंत?"

"जरा मऊ राहतील म्हणून."

"किती वाढलं?"

"पाच ग्रॅम." आकडा विचारला की माझ्याच्याने खोटं बोलवत नाही, तेवढं एक अंगवळणी पडलेलं आहे.

सकाळपासून पहिल्यांदा ती खाली बसली. आवाज चढवला नाही. "एकोणतीस वर्षं काट्यावर होतात. लोक घरी येऊन टेबलावर पाकीट ठेवून जायचे, तुम्ही ते परत नेऊन द्यायचात. त्या दिवसांत आपल्याकडं पंखासुद्धा जुनाच होता. मी कधी काही बोलले का? चार बायकांत मला सांगता यायचं, की आमच्या घरात काटा मारलेला पैसा नाही. आणि आता माझ्या केकवर मारताय?"

मी वही मिटली.

तिने तो ट्रे उचलला आणि ओट्यावर जाऊन गल्लीत वाटून टाकला. आप्पासोंनी चार खाल्ले आणि "आता कसं वजन लागतंय," म्हणाले. मी पाकाचं पातेलं घासून ठेवलं आणि उरलेले कपकेक होईपर्यंत तिने सांगितल्याशिवाय कशालाही हात लावला नाही. रात्रीच्या जेवणाआधी शेवटचा ट्रे बाहेर आला. आठशे चौऱ्याऐंशी नग. चाळीस किलो दोनशे ग्रॅम. मी दोनदा वजन केलं. खरं होतं.

लग्नाच्या दिवशी दहाला आम्ही कुंडलला पोचलो. पुढे आप्पासोंचा टेंपो, त्यात क्रेटमध्ये मांडलेले, पातळ कापडाने झाकलेले कपकेक. मागे आमची गाडी. मांडवाच्या मागच्या बाजूला आचाऱ्यांच्या शेजारी तो काटा मांडून ठेवला होता. पण सुभेदार पुढे पाहुण्यांच्या स्वागतात होते आणि आपण आल्याशिवाय काट्याला कुणी हात लावायचा नाही असं आचाऱ्यांना सांगून गेले होते. पत्र्याखाली आम्ही थांबलो. वरून ऊन, बाजूने आचाऱ्यांच्या चुली. अकरा वाजले, बारा वाजले. साडेबाराला अक्षता पडल्या. एक वाजता सुभेदार आले, फेटा, छातीवर पदकं. माझ्याकडे न बघता त्यांनी आधी एक रिकामा क्रेट काट्यावर ठेवून त्याचं वजन घेतलं. मग एकेक भरलेला. मी मनातल्या मनात वजाबाक्या करत होतो. ते कागदावर करत होते. दोघांचा आकडा एकच आला.

"अडतीस किलो चारशे," सुभेदार म्हणाले.

"आबा, घरातून निघताना चाळीस दोनशे होते. मी स्वतः केलंय वजन. तीन तास इथं तापल्या पत्र्याखाली आहेत. वाळलेत ते."

सुभेदारांनी पेन्सिल खिशात ठेवली. आजूबाजूला आचारी, वाढपी, दोन-चार पाहुणे जमले होते.

"साहेब, माज्या थोरल्याचं लगीन झालं त्या साली फेब्रुवारीत माजी उसाची गाडी तुमच्या दारात दोन दिस उभी व्हती. नंबरच लागंना. तिसऱ्या दिशी काट्यावर घेतली तर वजन घटल्यालं. मी तुमाला म्हनलो, साहेब, ऊस वाळलाय ओ. तुमी काय म्हनला?"

मला ते आठवले नाहीत. मला माझं वाक्य आठवलं, कारण ते मी कितीतरी जणांना म्हटलं होतं. "काटा सांगेल ते वजन."

"व्हय. त्येच म्हनला."

माझा काटा खोटा नव्हता. हे मी आजही कुणालाही सांगेन. पण गाडी दोन दिवस उभी होती, हेही खोटं नव्हतं, आणि ते लिहायला पावतीवर जागा नव्हती. मी तिथे त्या पत्र्याखाली घामाने भिजून उभा होतो आणि माझे सगळे आकडे बरोबर असून मला एकही कामाला येत नव्हता.

"वाळला असणार, आबा," मी म्हणालो. "आज कळतंय."

सुभेदारांनी मान हलवली, फेट्याचा शेमला मागे टाकला आणि म्हणाले, "मग बरं."

तेवढ्यात नवरीच आली. शिवांजली शालू सावरत क्रेटपाशी वाकली आणि म्हणाली, "एवढे? काकू, किती आहेत हे?"

"आठशे चौऱ्याऐंशी," संयोगिता म्हणाली.

"मी साडेपाचशे म्हणाले होते."

सुभेदार नातीकडे वळले, मग माझ्याकडे. "साडेपाचशेचा माल सांगितला, त्यात तीनशेच्या वर नग जास्त आलं? म्हंजे ते आमाला फुकट पडलं की."

"तसं नाही आबा. किलोवर ठरलं होतं. अडतीस चारशेचे द्या."

"आसं कसं? माज्या नातीच्या लग्नात मी कुनाचं फुकट खायाला घालू का? नगावर सांगा."

"किलोवर ठरलंय. मी शब्द दिलाय."

"मी तो माघारी दिला. नगावर सांगा म्हनतोय न्हवं?"

आता माझाही स्वाभिमान दुखावला होता. अडतीस चारशेच्या वर एक रुपया घेणार नाही, असं मी सांगितलं. सुभेदार म्हणाले, जास्त घेतल्याशिवाय मांडवातून जाऊ देणार नाही. मुख्य आचारी मध्ये पडला आणि म्हणाला, "आमी ताटावर घेतो, तसं करा." त्याला आम्ही दोघांनीही गप्प केलं. गिऱ्हाईक भाव वाढवतंय आणि विकणारा कमी करतोय, हे बघायला जेवणाच्या पंगतीतली माणसं उठून येऊ लागली.

"आबा," संयोगिता म्हणाली. भिंत जवळपास नव्हतीच. ती सरळ सुभेदारांकडे बघत होती. "नगाला तीस रुपये. आठशे चौऱ्याऐंशी आहेत. वरचे चोवीस आहेर म्हणून माझ्याकडून नवरीला. आठशे साठचे द्या."

सुभेदार गप्प राहिले. ती "बरं, अठ्ठावीस" म्हणेल म्हणून मी श्वास रोखून उभा होतो. ती काही बोलली नाही.

"ठरलं," सुभेदार म्हणाले, आणि खुर्चीवर बसून पावती लिहायला लावली, परवान्याचा नंबर घालून. मग त्यांनी मला दंडाला धरून पंगतीत स्वतःच्या शेजारी बसवलं. जेवताना मी एवढंच विचारलं, की यंदा कुठल्या जातीचा ऊस लावलाय, आणि त्यांनी सांगितलं. माझ्या ताटात त्यांनी तीनदा भात वाढायला लावला, आणि शेवटी आपल्या हाताने एक कपकेक ठेवला. तो जरा एका बाजूला झुकलेला होता.

आप्पासो दुसऱ्या पंगतीला थांबले. आम्ही दोघं निघालो. पलूस मागे पडल्यावर मला राहवलं नाही.

"तीस कसे काढलेस?"

"सामानाचे अकरा. बाकीचं माझं."

"बाकीचं म्हणजे कशाचं?"

"उभं राहायचं," ती म्हणाली. "सोळा तास उभी होते काल."

वहीत मी लोणी लिहिलं होतं, वीज लिहिली होती, कागदाची वाटी लिहिली होती. हे लिहिलेलं नव्हतं.

"मग आधीच का नाही सांगितलंस, तीस म्हणून?"

"तुम्ही राणीवहिनींना विचारलंत, लालासाहेबांना विचारलंत, आप्पासोंना विचारलंत. आटपाडीच्या माणसानंसुद्धा मला विचारलं. तुम्ही कुठं विचारलंत?"

पुढे एक उसाची ट्रॉली चालली होती. मी तिच्या मागे मागे सावकाश गाडी चालवत राहिलो.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "नवऱ्याकडच्या एक बाई भेटल्या होत्या. त्यांच्याकडं जूनमध्ये साखरपुडा आहे. तीनशे, बॉक्समध्ये घालून. भाव मी सांगितलाय. बॉक्स घडी घालायला माणूस लागेल. नगाला एक रुपया देईन."

"मला?"

"बघा, जमत असेल तर."

मी दोन रुपये मागितले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, विचार करून सांगते, आणि आष्टा येईपर्यंत काही बोलली नाही.